आंदणात किल्ला घेऊन गेलेली लेक

मिरजगावच्या स्टँडवर उभं राहिलं की एक गाडी नगरकडे तोंड करून लागलेली असते आणि एक सोलापूरकडे. आमचं सगळं बालपण या एका रस्त्यावर गेलं. दवाखाना, कॉलेज, लग्नाचा बस्ता म्हटलं की नगर. सोलापूरकडे जायचं ते चादरी घ्यायला, सिद्धेश्वराच्या गड्ड्याला किंवा कुणाच्या सोयरिकीला. या दोन शहरांत चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वीही एक सोयरीक झाली होती आणि तिच्यापायी दोन राजघराणी कित्येक वर्षं भांडत बसली, हे मात्र शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

शाळेची सहल न्यायची ती चांदबीबी महालाला. पाथर्डीच्या रस्त्याला उंच डोंगरावर तीन मजली, आठ कोनांची दगडी इमारत. वाऱ्यानं ओढण्या उडायच्या, आम्ही पोरी जिन्यानं वर-खाली पळायचो आणि कमानीत बसून पुरी-भाजी खायचो. चांदबीबी इथंच बसून हवा खायची, असं आम्हाला सांगितलं होतं. आम्हालाही ते पटलं होतं, कारण राणी म्हटलं की महाल हवाच. पुढे कळलं की तो तिचा महाल नव्हेच. ती सलाबतखानाची कबर आहे. हा सलाबतखान म्हणजे चांदबीबीच्या भावाचा, मुर्तझा निजामशहाचा वजीर. कबर त्याची आणि नाव तिचं! लोकांच्या मनात कोण राहिलं, ते त्या एका चुकीतून कळतं. मात्र नाव राहिलं तरी गोष्ट बरीचशी पुसली गेली. मैत्रिणींनो, आज ती गोष्ट सांगते.

चांदबीबीचा जन्म 1550 च्या आसपासचा. वडील हुसेन निजामशहा, नगरचा तिसरा सुलतान. नगरचा दगडी भुईकोट किल्ला बांधला तो यानंच. आईचं नाव खुंजा हुमायूं. या बाईबद्दल दोन शब्द आधी सांगायलाच हवेत, कारण लेक आभाळातून पडत नाही. नवरा वारला तेव्हा मुलगा मुर्तझा लहान होता. खुंजा हुमायूंनं तीन-चार वर्षं राज्याचा कारभार आपल्या हातात ठेवला. पुढे मुलगा मोठा झाला आणि त्यानंच 1569 साली आईला कैदेत टाकलं. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात हुसेन निजामशहाच्या स्तुतीचं एक सचित्र हस्तलिखित आहे. त्यातल्या चित्रांत राजाच्या शेजारी, अगदी त्याला खेटून, राणी बसलेली होती. आता तिथं फासलेल्या रंगाचा डाग आहे. कुणीतरी तिची आकृती नंतर झाकून टाकली. राजा आहे, सेवक आहेत, छत्र आहे, फक्त राणीच्या जागी एक बेढब धब्बा. आपल्या आईचं काय झालं ते चांदबीबीनं ऐकलं असणारच, पण तोवर ती सासरी होती.

ते सासर म्हणजे विजापूर. 1564 च्या सुमाराला दख्खनच्या सुलतानांनी विजयनगरविरुद्ध एकजूट करायचं ठरवलं. पण नगर आणि विजापूर यांचं हाडवैर, आणि वैराचं कारण सोलापूरचा किल्ला. तो कधी यांच्याकडे, कधी त्यांच्याकडे. त्यावर तोडगा काय निघाला, तर साटंलोटं! नगरची चांदबीबी विजापूरच्या अली आदिलशहाला द्यायची आणि अलीची बहीण हदिया सुलताना नगरच्या मुर्तझाला करायची. भांडणाचं मूळ असलेला सोलापूरचा किल्ला चांदबीबीचं आंदण म्हणून विजापूरला. आपल्याकडे लेकीला भांडी देतात, गाय देतात, फार तर तोळे देतात. हिला बापानं तटबंदीसकट किल्ला दिला. लग्न झालं आणि 1565 च्या जानेवारीत तालिकोटची लढाई होऊन विजयनगर पडलं. त्याच वर्षी वडील वारले. लग्नाचा हेतू साधला गेला होता, आता राहिला तो संसार.

तो बरा झाला असावा. अली आदिलशहा तिला मान देई, मोहिमेवर जाताना बरोबर नेई, असं सांगतात. तिला अरबी, फारसी, तुर्की यांच्याबरोबर मराठी आणि कानडीही येत होती, असं बहुतेक सगळे चरित्रकार लिहितात. मला यातलं मराठी-कानडीच जास्त महत्त्वाचं वाटतं. फारसी दरबारात लागते, पण किल्ल्याच्या तटावर दगड वाहणाऱ्या गड्याशी बोलायचं तर त्याचीच भाषा यायला हवी. विजापुरात तिच्या नावाची एक मोठी बाव आहे, चांदबावडी. शहराला पाणी मिळावं म्हणून अलीनं ती बांधली. घोड्यावर बसून हातावर ससाणा घेतलेल्या चांदबीबीची चित्रंही पुष्कळ आहेत, पण ती तिच्यानंतर शंभर-दीडशे वर्षांनी काढलेली. म्हणजे चेहरा चित्रकारांच्या मनातला.

मूलबाळ झालं नाही. 1580 मध्ये अलीचा खून झाला आणि तिशीतली चांदबीबी विधवा झाली. गादीवर आला अलीचा पुतण्या इब्राहिम, वय वर्षं नऊ. त्याला वाढवायचं, शिकवायचं आणि तो मोठा होईपर्यंत राज्य सांभाळायचं काम तिच्यावर आलं. पुढे दख्खनचा सगळ्यात रसिक, गाण्याचा वेडा सुलतान म्हणून ज्याचं नाव झालं, तो हाच इब्राहिम. त्याच्यावर पहिले संस्कार या काकूचे.

पण कारभार बाईच्या हातात सुखानं राहू देतील ते सरदार कसले! पहिल्या कारभाऱ्यानं, कामिलखानानं, तिचाच मान ठेवेनासा केला. तिनं किशवरखानाच्या मदतीनं त्याला काढलं. मग किशवरखानच डोईजड झाला. त्यानं एका मातब्बर सरदाराचा, मुस्तफाखानाचा खून करवला आणि चांदबीबीनं जाब विचारल्यावर तिलाच जनानखान्यातून ओढून साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेत पाठवलं. ज्या अजिंक्यताऱ्यावर आपण मुलांना घेऊन जातो, तिथं ही नगरची लेक बंदिवान होती. किशवरखानाच्या विरोधात लोक इतके पेटले की त्याला विजापूर सोडून पळावं लागलं, गोवळकोंड्यात तो मारला गेला आणि चांदबीबी परत आली.

ती आली तर विजापूरला वेढा पडलेला. आणि वेढा घालणारे कोण? गोवळकोंड्याचे लोक होतेच, पण त्यांच्या जोडीला नगरची फौज! सख्ख्या भावाची. माहेरचे झेंडे सासरच्या तटाबाहेर लागलेले बघताना एखादीला काय वाटेल ते माझ्या वाचक मैत्रिणींना वेगळं सांगायला नको. विजापुरात त्या वेळी हबशी सरदार आणि दख्खनी सरदार यांची आपापसातच जुंपलेली. चांदबीबीनं अबुल हसन नावाच्या जाणत्या माणसाला कारभार दिला. त्यानं कर्नाटकातल्या मराठा बारगीर सरदारांना बोलावून घेतलं आणि त्यांनी वेढा घालणाऱ्यांची रसद तोडायला सुरुवात केली. समोरासमोर लढायचं नाही, दाणागोटा अडवायचा. पुढे ज्या गनिमी काव्याचा आपण अभिमान बाळगतो तो असा आधीपासून या मातीत होता. काही महिन्यांनी माहेरची फौज हात हलवत परत गेली.

त्यानंतर तिथं दिलावरखान नावाच्या सरदारानं सत्ता बळकावली आणि चांदबीबी बाजूला पडली. 1584 च्या सुमाराला इब्राहिमच्या बहिणीचं लग्न नगरच्या राजपुत्राशी ठरलं. नवरीची पाठराखीण म्हणून चांदबीबी नगरला आली आणि इथंच राहिली. माहेरी परतलेल्या विधवा आत्याचं घरात काय स्थान असतं? मान असतो, पण कारभारात विचारत नाहीत. पुढची दहा वर्षं ती इतिहासात जवळजवळ दिसतच नाही.

या दहा वर्षांत नगरच्या गादीचं जे झालं ते वाचताना हात कापतो. भाऊ मुर्तझा याला त्याच्याच मुलानं 1588 मध्ये हमामखान्यात कोंडून मारलं. त्या मुलाला दुसऱ्या वर्षी सरदारांनी मारलं. मग एक अल्पवयीन मुलगा, मग दुसरा भाऊ बुऱ्हाण. हा बुऱ्हाण अकबराच्या आश्रयाला जाऊन राहिलेला. तिथून परत येऊन 1591 मध्ये तो गादीवर बसला, पण अकबराचं मांडलिकत्व काही त्यानं पत्करलं नाही. 1595 मध्ये तो वारला, आणि त्याचा मुलगा इब्राहिम निजामशहा चारच महिन्यांत विजापूरकरांशी लढताना पडला. मागे राहिलं एक तान्हं पोर, बहादूर. नात्यानं चांदबीबीच्या भावाचा नातू.

आता नगरात चार पक्ष झाले. मियाँ मंजू नावाच्या दख्खनी सरदारानं कुठून तरी एक मुलगा आणून तो राजवंशातला आहे असं सांगून गादीवर बसवला. हबशी सरदार इखलासखानानं दुसराच मुलगा उभा केला. नेहंगखान हबशी म्हाताऱ्या शाह अलीला घेऊन बसला. आणि चांदबीबीचं म्हणणं सरळ होतं की ज्याचा बाप सुलतान होता तो बहादूर जिवंत असताना बाकीच्यांची नावं निघतातच कशी? हबशांनी घेरल्यावर मियाँ मंजूनं करू नये ते केलं. गुजरातेत असलेल्या अकबराच्या मुलाला, शाहजादा मुरादला, मदतीला या म्हणून पत्र धाडलं. मुराद तर वाटच बघत होता. अकबराची दख्खनवर नजर असून चार-पाच वर्षं झाली होती. नर्मदेच्या वरचं बहुतेक सगळं घशात गेलेलं, आता पाळी निजामशाहीची. पत्र पाठवून झालं, हबशांचा जोर ओसरला आणि मियाँ मंजूला पश्चात्ताप झाला. पण मुराद आणि त्याच्याबरोबर खानखानान अब्दुर्रहीम, ज्यांचे दोहे आपण हिंदीच्या पुस्तकात शिकतो तेच रहीम, 1595 च्या डिसेंबरात नगरच्या वेशीवर हजर! खानदेशचा राजा अलीखानही त्यांच्यासोबत. मियाँ मंजू विजापूरची मदत आणतो म्हणून निघून गेला. आग लावणारा असा बाजूला झाला, आणि विझवायला उरली पंचेचाळीस वर्षांची एक बाई.

तिनं किल्ल्याचा ताबा घेतला आणि बहादूर हाच निजामशहा असं जाहीर केलं. विजापूर, गोवळकोंडा दोन्हीकडे मदतीसाठी माणसं पाठवली. ज्या पुतण्याला हातावर वाढवलं त्या इब्राहिम आदिलशहानं सोहेलखानाच्या हाताखाली फौज रवाना केली. पण फौज यायला वेळ लागणार. तोवर किल्ला लढवायचा.

नगरचा किल्ला कुणी पाहिला असेल तर आठवा. डोंगर नाही, कडा नाही, सपाट जमिनीवरचा गोल किल्ला आणि भोवती खंदक. म्हणजे निसर्गाची मदत शून्य. भरवसा तटावर आणि तटावरच्या माणसांवर. बाहेर शहरात मोगली सैन्यानं लुटालूट केली. आधी अभय दिलेलं, पण शाहबाजखानाच्या लोकांनी ते पाळलं नाही. त्यामुळे शहरातले लोक जे निघाले ते परतलेच नाहीत. नेहंगखान आणि शाह अली यांनी एका रात्री वेढा फोडून आत शिरायचा प्रयत्न केला. नेहंगखान काही माणसांनिशी आत पोचला, शाह अलीला माणसं गमावून मागं फिरावं लागलं. हाच नेहंगखान कालपर्यंत तिच्या विरुद्ध पक्षात होता. तिनं त्याला आत घेतलं. जुन्या भांडणाचा हिशेब तिनं त्या वेळी काढला नाही, पुढे मात्र त्याची किंमत मोजली.

मोगलांनी तटाखाली पाच सुरुंग खणले. खणायचे, दारूची पोती भरायची, तोंड चुन्या-मातीनं बंद करायचं आणि बत्ती द्यायची. ही गोष्ट मोगलांच्या छावणीतल्याच एका माणसानं, ख्वाजा मुहम्मदखान शिराझी यानं, रात्री गुपचूप किल्ल्यात येऊन सांगितली. चांदबीबीनं रातोरात आतून खणायला लावलं. कुदळी-फावडी घेऊन माणसं अंधारात तटाच्या पायाशी खणत होती. दोन सुरुंग सापडले, त्यातली दारू काढून टाकली. तिसरा शोधत असतानाच मुरादनं बत्ती दिली. तटाचा मोठा तुकडा हवेत उडाला, साधारण पन्नास यार्डांचं खिंडार पडलं. खणणारे कित्येक जण जागीच गेले. भल्याभल्या सरदारांचे पाय डगमगले.

तेव्हा ती आली. तोंडावर बुरखा, अंगावर चिलखत, हातात तलवार. तिच्या आयुष्यातला हाच प्रसंग लोकांना ठाऊक असतो आणि तो खराही आहे. फरिश्ता नावाचा इतिहासकार तिच्याच काळातला, तरुणपण नगरात घालवून पुढे विजापूरला गेलेला. त्यानं हा प्रसंग तपशिलानं नोंदवलाय. पण मला तलवारीपेक्षा पुढचे काही तास महत्त्वाचे वाटतात. मोगल लगेच आत घुसले नाहीत. उरलेले सुरुंगही उडतील म्हणून ते थांबले, आणि ते उडणार कसे, ते तर रिकामे केलेले! शिवाय मुरादला यश एकट्याला हवं होतं, म्हणून त्यानं खानखानानला नीट कळवलंच नव्हतं. या थांबलेल्या वेळात चांदबीबीनं खिंडाराच्या तोंडाशी तोफा आणून लावल्या. दुपार टळल्यावर हल्ला आला. पुन्हा पुन्हा आला. अंधार पडेपर्यंत खंदक प्रेतांनी भरला, पण आत कुणाला येता आलं नाही. गोळ्या संपल्या तेव्हा तिनं तांब्याची नाणी, मग चांदीची, मग सोन्याची, शेवटी दागिने तोफांत भरून डागले, अशी दंतकथा आहे. दंतकथा म्हणूनच सांगते, पण ज्यांनी कधी घर चालवण्यासाठी अंगावरचं मोडलंय त्यांना ती पटायला जड जाणार नाही.

त्या रात्री ती झोपली नाही. दगड, माती, लाकूड, जे हाताला लागेल ते खिंडारात टाकून सकाळपर्यंत भिंत पुन्हा माणसापेक्षा उंच केली. ती स्वतः मशालीच्या उजेडात तिथं उभी होती. सकाळी मुराद बघतो तर तट जागेवर. त्या दिवसापासून तिला लोक चांदबीबी न म्हणता चांद सुलताना म्हणू लागले, असं म्हणतात.

पुढे तह झाला, 1596 च्या सुरुवातीला. मोगलांकडे दाणावैरण संपत आलेली, सोहेलखानाची फौज जवळ येऊन ठेपलेली, आणि दोघा सेनापतींचं एकमेकांशी पटत नव्हतं. किल्ल्यातही धान्य संपत आलेलं. मोगलांनी वऱ्हाड मागितलं. तिनं आधी नाकारलं, मग विचार करून दिलं. बदल्यात बहादूरला निजामशहा म्हणून मान्यता आणि वेढा उठला. वऱ्हाड दिलं म्हणून तिला नावं ठेवणारे तेव्हाही होते. पण राज्याची राजधानी आणि राजा राखण्यासाठी एक सुभा देणं याला हरणं म्हणायचं का?

मोगलांना थोपवणारा म्हटला की आपल्याला महाराणा प्रताप आठवतात, आणि आठवावेतच. 1576 ची हळदीघाटी, त्यानंतरची वीस वर्षांची झुंज. 1597 च्या जानेवारीत चावंड इथं महाराणा गेले. नेमके त्याच दिवसांत इकडे गोदावरीकाठी अकबराशी दुसरी मोठी लढाई होऊ घातली होती, आणि त्या बाजूच्या पुढाऱ्यांत एक बाई होती. मोगल वऱ्हाडावर थांबले नव्हते, पाथरीकडे सरकले होते. पाथरी म्हणजे निजामशाही घराण्याचं मूळ गाव. हे घराणं मुळात तिथल्या ब्राह्मण कुळातलं, पुढे मुसलमान झालेलं. चांदबीबीच्या शब्दाला मान देऊन विजापूर, गोवळकोंडा आणि नगर अशा तिघांच्या फौजा एकत्र आल्या, सोहेलखान सेनापती. फेब्रुवारी 1597 मध्ये आजच्या परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठजवळ दोन दिवस लढाई झाली. खानदेशचा राजा अलीखान मोगलांच्या बाजूनं लढताना पडला. पण शेवटी जिंकले खानखानान. दख्खनची ती एकजूट तिथं मोडली.

आता घरातलं बघा. तहानंतर तिनं मुहम्मदखानाला पेशवा केलं, तर त्यानं सगळ्या जागा स्वतःच्या माणसांना वाटल्या आणि नेहंगखानाला कैदेत टाकलं. तिला पुन्हा विजापूरची फौज बोलवावी लागली. तेव्हा या पेशव्यानं कुणाला मदतीला बोलावलं असेल? मोगलांनाच! शेवटी किल्ल्यातल्या शिपायांनी त्याला धरून तिच्या स्वाधीन केलं. मग पेशवा नेहंगखान. त्याला तर बहादूरच हातात हवा होता आणि चांदबीबी नको होती. त्याचा डाव कळताच तिनं मुलाला किल्ल्यात घेऊन दरवाजे बंद केले आणि नेहंगखान स्वतःच्याच राजधानीला वेढा घालून बसला. मोगल पुन्हा येतायत हे दिसत असताना! ही सगळी नावं वाचून तुम्हाला कंटाळा आला असेल, मलाही लिहिताना आला. तिला या माणसांबरोबर पाच वर्षं काढायची होती.

1599 मध्ये मुराद दारूपायी मेला. अकबरानं दुसरा मुलगा दानियाल याला खानखानानबरोबर पाठवलं आणि 1600 मध्ये स्वतः बुऱ्हाणपूरपर्यंत आला. नेहंगखान वेढा सोडून घाट अडवायला गेला, मोगलांनी वाट बदलली, तसा तो परत आला आणि तिच्याशी जमवून घेऊ पाहू लागला. तिनं आता मात्र विश्वास ठेवला नाही. तो जुन्नरकडे पळाला. किल्ल्याला पुन्हा वेढा पडला, पुन्हा सुरुंग खणायला सुरुवात झाली.

या वेळी पाच वर्षांपूर्वीचं काहीच शिल्लक नव्हतं. विजापूरची फौज येणार नव्हती. आतले सरदार एकमेकांना पाण्यात पाहत होते. मोगलांचा बादशहा स्वतः दख्खनच्या उंबऱ्यावर बसला होता. चांदबीबीनं हिशेब मांडला. किल्ला मोगलांना द्यायचा, पण बहादूरला आणि आतल्या माणसांना सुखरूप जुन्नरला जाऊ द्यायचं या अटीवर. किल्ला गेला तरी राजा राहतो, राजा राहिला तर राज्य पुन्हा उभं करता येतं. जुन्नरचा मुलूख डोंगराचा, तिथं लढणं जमलं असतं. तिनं हा विचार जिताखान नावाच्या खोजाला सांगितला, कारण तो तिच्या विश्वासातला होता.

जिताखान बाहेर पळत गेला आणि चांदबीबी मोगलांना फितूर झाली म्हणून ओरडत सुटला. जमाव तिच्या महालात घुसला आणि तिथंच तिला मारलं.

ज्या बाईनं याच किल्ल्याचं खिंडार रातोरात बुजवलं, तिच्यावर फितुरीचा आरोप याच किल्ल्यात झाला आणि तो खरा की खोटा हे विचारायला कुणी दोन घटका थांबलं नाही. मुरादला पत्र लिहून बोलावणारा मियाँ मंजू, मोगलांना हाक मारणारा मुहम्मदखान, राजधानीलाच वेढा घालणारा नेहंगखान, यांच्यापैकी कुणालाही जमावानं असं घरात शिरून मारलं नाही. तहाची भाषा सेनापतीनं केली की ते धोरण होतं. तिच्या बाबतीत मात्र लोकांना वेगळाच शब्द सुचला.

ती गेल्यावर किल्ल्यातल्यांनी लढून दाखवलं का? काही दिवसांत, ऑगस्ट 1600 मध्ये, सुरुंगांनी तट उडवला आणि मोगल आत आले. आतल्या शिबंदीची कत्तल झाली. लहानग्या बहादूरला धरून ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदेत टाकलं, तो पुन्हा नगरला आला नाही. चांदबीबीनं ज्या अटी मागायचं ठरवलं होतं, त्या मिळाल्या असत्या तर यातलं बरंच टळलं असतं, असं मला वाटतं.

पण किल्ला गेला तरी राज्य राहू शकतं, हा तिचा हिशेब चुकीचा नव्हता. त्याच वर्षी मलिक अंबरानं शाह अलीच्या मुलाला, मुर्तझाला, निजामशहा म्हणून उभं केलं आणि राजधानी नेली परांड्याला. आमच्या मिरजगावपासून परांडा फार लांब नाही. नंतर जुन्नर, मग दौलताबाद. अंबरानं 1626 पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत मोगलांना झुंजवलं. निजामशाही चाकरीत वाढलेल्या भोसले घराण्यातल्या शहाजीराजांनी त्याच्यानंतर एक लहान निजामशहा मांडीवर घेऊन मोगलांशी लढा चालू ठेवला, तो 1636 पर्यंत. म्हणजे नगर पडल्यावर निजामशाही आणखी छत्तीस वर्षं जिवंत होती.

नगरच्या या किल्ल्यात 1942 ते 45 पंडित नेहरू कैदेत होते. तिथं त्यांनी भारताच्या शोधावर जे पुस्तक लिहिलं, त्यात त्यांनाही चांदबीबीची आठवण झाली. जिल्ह्याला आता अहिल्यादेवींचं नाव आहे, 2024 पासून. अहिल्यादेवींचं चौंडी आमच्या गावापासून जवळच, त्यामुळे आम्हाला त्याचं कौतुक वेगळंच.

मागच्या हिवाळ्यात भाचीला घेऊन त्या डोंगरावर गेले होते. ती सहावीत आहे. कमानीत बसून आम्ही घरून आणलेले धपाटे आणि दही खाल्लं. तिनं विचारलं, चांदबीबी कुठल्या मजल्यावर बसायची? मी तिला सांगितलं की ही कबर एका वजिराची आहे. ती जरा हिरमुसली. मग कमानीतून पश्चिमेकडे बोट करून नगर शहर दाखवलं, त्या गर्दीत किल्ला कुठं असेल ते अंदाजानं सांगितलं, आणि तटाला खिंडार पडलं तिथून गोष्टीला सुरुवात केली. उतरताना शेवटच्या वळणापर्यंत ती एकच विचारत होती, की मग त्या जिताखानाचं पुढं काय झालं?